फोर्क बदलला, कॅलिपरचं काय?

दोन कवितांच्या मध्ये हा लेख सापडला म्हणून पान उलटू नका. मेकॅनिकलवाल्यांनी तर नाहीच, पण कॉम्प आणि आयटीवाल्यांनीही वाचावा. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या त्यांच्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना काही ना काही 'मॉडिफाय' केलेलं आहे. सायलेन्सर बदलला तर फार तर वॉचमन ओरडतो. ब्रेकमध्ये हात घातला तर काय होतं ते मी गेल्या वर्षी शिकलो. टाके मात्र मला पडले नाहीत, रूममेटला पडले.

गाडी माझी नव्हती, काकांची होती. काका लालबागला चाळीत राहतात. त्यांच्याकडे १९८७ ची राजदूत ३५० आहे, म्हणजे ज्यांना कळतं त्यांच्या भाषेत 'एलटी'. बाबा सांगतात की काकांचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी आधी गाडी बघितली, मग मुलगा. ही मुळात यामाहाची आरडी ३५०. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. एस्कॉर्ट्सने ती आपल्याकडे १९८३ साली आणली. जपानमध्ये १९७३ साली आरडी ३५० निघाली तेव्हाच तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. होंडाने तर १९६९ च्या सीबी ७५० ला पुढे हायड्रॉलिक डिस्क दिली होती. आपल्याकडे आली ती राजदूत मात्र पुढे ड्रम घेऊन आली. खर्च वाचवायचा होता. इंजिन पळणारं आणि ब्रेक बेताचा, अशी ती जोडी. म्हणून या गाडीला पुढे डिस्क बसवायचा उद्योग लोक कित्येक वर्षं करत आले आहेत. सीबीझेडला डिस्क आली १९९९ साली, नंतर पल्सर आल्या, आणि त्यांचे सुटे भाग जुन्या बाजारात मिळायला लागल्यावर या उद्योगाला ऊत आला.

ड्रमच्या विरोधात माझं काही नाही. पण ज्यांनी हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली आहे त्यांना माहीत असेल, पाणी आत शिरलं की ड्रम ब्रेक पुढचे काही मिनिटं नुसता नावाला उरतो. ब्रेक हलका धरून थोडं अंतर चालवायची, आतलं पाणी उडवायचं, मग तो परत शुद्धीवर येतो. डिस्क उघडी असते. पाणी फेकलं जातं आणि पॅड बाकीचं पुसून काढतात.

तरी काकांनी हौसेने डिस्क बसवली नाही. गेल्या पावसाळ्यात करी रोडच्या पुलावरून उतरताना गाडी खड्ड्यात गेली आणि फोर्कचे दोन्ही पाइप वाकले. पाइप प्रेसवर सरळ करून देणारे आहेत, पण आमच्या पाइपांना वाकलेल्या जागी सुरकुती पडली होती. सुरकुती पडलेला पाइप सरळ करून परत वापरू नये, हे पहिलं लिहून ठेवा. ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दोन शनिवार हिंडलो. एका दुकानदाराने 'राजदूत' ऐकून चहा मागवला, गप्पा मारल्या आणि पाइप नाही म्हणाला. शेवटी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात एका दीडशे सीसी गाडीचा अख्खा फोर्क मिळाला, दोन्ही टी-सकट. पाइप सरळ, क्रोम शाबूत. चाक त्याच्याबरोबरचं नव्हतं, ते आधीच विकलं गेलं होतं. म्हणून चाक, डिस्क आणि कॅलिपर दुसऱ्याच गाडीचे घेतले. इथेच पुढच्या सगळ्या गोंधळाची पायाभरणी झाली.

जुनं ड्रमचं चाकच का नाही लावलं, असं विचाराल. ड्रमच्या आतल्या प्लेटला फिरण्यापासून अडवायला फोर्कच्या बॉटमवर एक खाच किंवा ठोकळा असतो. प्लेट त्यात अडकते. नवीन फोर्क डिस्कचा, त्याला ती खाच नाही. तसंच चाक लावलं असतं तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरली असती आणि केबल गुंडाळली गेली असती. म्हणजे परत जायचा रस्ता बंद होता.

आता परिस्थिती अशी. डिस्कच्या फोर्कला एका बॉटमवर दोन ओतीव कान असतात. त्यात आटे पाडलेले असतात आणि कॅलिपर दोन बोल्टनी तिथे बसतो. आमच्या फोर्कचे कान २४० मिमीच्या डिस्कसाठी होते. चाकावरची डिस्क २६० ची. फोर्कच्या दोन कानांतलं अंतर ५८ मिमी, तर कॅलिपरच्या दोन भोकांतलं ८४. कुठूनच काही जमत नव्हतं. मध्ये एक ब्रॅकेट हवा, एवढं कुणालाही दिसलं असतं. आम्हालाही दिसलं, आणि तेवढ्यावरच आम्ही कामाला लागलो.

पहिला ब्रॅकेट मी केला. ५ मिमीची एमएस प्लेट, हॅक्सॉने कापलेली, चार भोकं. कॅलिपर कानांना लावून बघितला, डोळ्यांनी डिस्क मधोमध आणली, उरलेल्या फटीत वायशर घातले. प्लेट थोडी वाकडी होती म्हणून एका बोल्टखाली तीन वायशर, दुसऱ्याखाली दोन. सगळं आवळलं. चाक फिरवलं तर सुर्र सुर्र असा बारीक आवाज येत होता. 'नवीन पॅड आहेत, घासून बसतील,' असं मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागहून निघालो, दादर टीटीपर्यंत जाऊन परत यायचं असं ठरलं होतं. चालवत रूममेट होता, मी मागे बसून आवाज ऐकत होतो. भारतमातापर्यंत काही वाटलं नाही. पुढे गाडी जड वाटते, असं तो म्हणाला. मी म्हणालो टू-स्ट्रोक आहे, थंड आहे. परळ टीटीच्या सिग्नलला समोरची टॅक्सी थांबली, त्याने लिव्हरला नुसतं बोट लावलं, आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. वेग फार नव्हता, हेल्मेट होती, मागे बस नव्हती. केईएममध्ये त्याच्या कोपराला चार टाके पडले. ब्रॅकेट माझा होता आणि 'घासून बसतील' हे वाक्यही माझं होतं.

ब्रेक लागणार नाही याची भीती सगळ्यांना असते. तो सुटणार नाही हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

गाडी ढकलत चाळीत आणली. चाक हाताने फिरत नव्हतं आणि डिस्कवर पाणी टाकलं तर चर्र झालं. काका खाली आले. ते बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उभा जन्म बसच्या ब्रेकमध्ये गेलेला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी फक्त ८ नंबरचा पाना मागितला आणि कॅलिपरचा ब्लीड निपल अर्धा फेरा सैल केला. चार थेंब ऑइल आलं. चाक तसंच घट्ट.

ही चाचणी प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण ती एका मिनिटात होते. चाक अडकलंय आणि निपल उघडल्यावर मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता, म्हणजे दोष वर मास्टर सिलिंडरकडे किंवा होजमध्ये. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, लिव्हर सोडली की त्यातून ऑइल टाकीत परत जातं. लिव्हरला जरासुद्धा ढिलाई ठेवली नाही तर पिस्टन ते भोक झाकून बसतो. मग ऑइल तापून फुगलं की त्याला जायला जागा नाही, आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. पण निपल उघडूनही चाक मोकळं झालं नाही, तर दाबाचा प्रश्नच नाही. दोष कॅलिपरकडे आहे.

मग काकांनी कॅलिपरचे दोन बोल्ट सैल केले, आणि कॅलिपर टक् आवाज करून स्वतःच बाजूला सरकला. जवळजवळ दीड-दोन मिलीमीटर. त्याला जिथे बसायचं होतं तिथे तो जाऊन बसला. चाक मोकळं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तू त्याला विचारलंसच नाही, कुठे बसायचंय ते."

का ते सांगतो. मोटरसायकलींचे साधे कॅलिपर 'फ्लोटिंग' असतात. पिस्टन एकाच बाजूला असतात आणि अख्खी बॉडी दोन पिनांवर आडवी सरकते. पिस्टन एका पॅडला दाबतो, प्रतिक्रियेने बॉडी सरकते आणि पलीकडचा पॅड ओढून आणते. लिव्हर सोडली की पिस्टनभोवतालचा चौकोनी रबरी सील पीळ सोडतो आणि पिस्टन केसभर मागे येतो. हे मागे येणं मिलीमीटरच्या अगदी छोट्या अंशाचं. म्हणजे ब्रेक सुटण्यासाठी तुमच्याकडे एवढीच जागा आहे, आणि तीही पिना ॲक्सलला समांतर असतील, बॉडी सहज सरकत असेल, तरच. माझ्या वायशरनी ५८ मिमी अंतरात १.६ मिमीचा फरक टाकला होता. गणित करा, दीड अंशाहून जास्त कल. पिना अडकल्या, पॅड तिरके घासले, डिस्क तापली, तापून पिना आणखी आवळल्या.

काकांनी मला त्यांच्या एका मित्राकडे पाठवलं. लोअर परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. गिरणीत टर्नर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी परत मिळाली नाही, तेव्हा लेथ घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. आजूबाजूचे गाळे एकेक करून ऑफिसं झाले, यांच्या दारात अजून लोखंडाचा कीस पडलेला असतो. मामांनी माझा ब्रॅकेट हातात घेतला, उलटापालटा केला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. मग म्हणाले, "फोर्क विसर. डिस्कपासून सुरू कर."

मी फोर्कच्या कानांपासून सुरुवात केली होती आणि कॅलिपर डिस्कपर्यंत ओढत नेला होता. खरं तर कॅलिपर कुठे बसणार हे डिस्क ठरवते. फोर्कचं काम तिथे त्याला धरून ठेवणं, बस. आमच्या चार वर्षांच्या मशीन डिझाइनच्या नोट्समध्ये हे वाक्य असेलही, मला तरी कधी दिसलं नाही.

तर पद्धत अशी. आधी चाक. दोन्ही बॉटमच्या बरोबर मध्ये रिम यायला हवी, स्पेसर त्याप्रमाणे कापायचे, आणि ॲक्सल पूर्ण टाइट करायचा. हाताने घट्ट केलेला चालत नाही, कारण ॲक्सल आवळल्यावर चाक अर्धा-एक मिमी सरकतं. आमचा डावा स्पेसर २ मिमीने कमी करावा लागला. हे झाल्यावर डिस्कची जागा पक्की झाली, आता ती हलवायची नाही. डायल गेज लावून डिस्क डोलते का ते बघायचं. बहुतेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.३ मिमी ही हद्द असते, आमची ०.१२ आली. गेज मेट्रॉलॉजी लॅबमधून नेला होता. लॅब असिस्टंट सरांनी रजिस्टरमध्ये सही घेऊन दिला, आणि वेळेत परत केला हे इथे नमूद करतो.

मग कॅलिपर डिस्कवर ठेवायचा, फोर्कला काहीही न जोडता. नवीन पॅड घालायचे, जुने नाही. डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी एकेक पोस्टकार्ड घालायचं आणि लिव्हर दाबून रबर बँडने बांधून ठेवायची. कॅलिपर डिस्कला चिकटून बसतो, बरोबर काटकोनात, कारण दोन सपाट पॅडनी सपाट डिस्क धरली आहे. आता तो स्वतः सांगतोय कुठे बसायचंय ते. लिव्हर किंचित सैल करून त्याला डिस्कच्या कडेने फिरवत योग्य जागी आणायचा. तीन गोष्टी बघायच्या. पॅडची बाहेरची कड डिस्कच्या कडेच्या बाहेर जाऊ नये, मिलीमीटरभर आतच राहावी, नाहीतर न झिजलेला काठ उरतो आणि नंतर अडकतो. बॉडी स्पोकला लागू नये, आणि पॅड झिजल्यावर ती कुठे सरकेल तेही धरून बघायचं. आणि ब्लीड निपल सगळ्यात वर हवा. काही जण फोर्कच्या बॉटमची डावी-उजवी अदलाबदल करून कॅलिपर पुढच्या बाजूला आणतात, छान दिसतो म्हणून. निपल सगळ्यात वर राहिला नाही तर हवा वर अडकते, आणि मग आठवडाभर ब्लीडिंग करत बसतात.

जागा मिळाली की लिव्हर परत दाबून बांधायची आणि मोजायला घ्यायचं. फोर्कच्या कानाचा सपाट पृष्ठभाग आणि कॅलिपरच्या कानाचा सपाट पृष्ठभाग यांच्यातली फट, दोन्ही टोकांना. दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. आमची ९.४ आणि ९.४ आली. हीच ब्रॅकेटची जाडी. मी खालीवर वायशर घालून जे 'ॲडजस्ट' केलं होतं ते इथे एका आकड्यात मिळालं. फट दोन टोकांना वेगळी आली तर वायशर घालू नका. काहीतरी वाकडं आहे, बहुतेक फोर्कचा कान. तो शोधा.

भोकांच्या जागांसाठी मामांची युक्ती मला फार आवडली. ८ मिमीच्या बोल्टचे छोटे तुकडे घ्यायचे आणि लेथवर टोकदार करायचे. ते फोर्कच्या कानांत आट्यांवर फिरवून बसवायचे, टोक दोन मिमी बाहेर. त्यावर जाड पुठ्ठा दाबला की सेंटर उमटतात. पुठ्ठा तिथेच धरून कॅलिपरच्या भोकांमधूनही तशीच खूण घ्यायची. व्हर्नियर हवेत धरून, मान वाकडी करून माप घेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. आमच्या पुठ्ठ्यावर कॅलिपरचं प्रत्येक भोक फोर्कच्या भोकापासून आडवं १३ आणि उभं १० मिमी आलं. पायथागोरस लावा, सेंटर ते सेंटर १६.४. एम ८ च्या ॲलन बोल्टचं डोकं १३ मिमीचं, म्हणजे दोन डोक्यांमध्ये साडेतीन मिमीच्या जवळपास जागा उरते. बसतं. हेच अंतर १२-१३ आलं असतं तर डोकी एकमेकांवर चढली असती आणि वेगळा कॅलिपर शोधावा लागला असता. हे प्लेट कापायच्या आधी पुठ्ठ्यावर कळतं, पुठ्ठा फुकट असतो.

प्लेट आणायला सी. पी. टँकच्या पुढे कीका स्ट्रीटला गेलो. तिथे कापलेले तुकडे वजनावर मिळतात. ॲल्युमिनियम घ्यायचा मोह होता, दिसायला भारी. मामांनी विचारलं, "ग्रेड माहीत आहे?" नव्हता. ग्रेड माहीत नसलेल्या ॲल्युमिनियमचा ब्रेकचा ब्रॅकेट करू नये. १२ मिमीची एमएस प्लेट घेतली आणि दोन्ही बाजूंनी फेस करून ९.४ ला आणली. बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आणले, डोक्यावर ८.८ ठोकलेले.

या ८.८ वर थोडं थांबतो, कारण इथे खरं इंजिनीअरिंग आहे आणि इथेच आपण सगळे अंदाजपंचे चालतो.

गाडी आणि स्वार मिळून २२५ किलो धरा. जोरात ब्रेक मारला आणि ०.७ जी ने वेग कमी झाला, तर रस्त्यावर लागणारं एकूण बल साधारण १५४५ न्यूटन. वजन पुढे झुकतं, त्यामुळे त्यातलं १२०० च्या आसपास पुढच्या चाकावर. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, टॉर्क झाला ३६० न्यूटन-मीटर. पण पॅड डिस्कला धरतात ते सेंटरपासून ११२ मिमीवर. ३६० भागिले ०.११२, म्हणजे ३२०० न्यूटनच्या वर. सव्वातीनशे किलोचं वजन. टायर रस्त्याला जेवढं ओढतो त्याच्या पावणेतीन पट बल त्या छोट्या ब्रॅकेटवर आणि दोन बोल्टवर येतं, प्रत्येक जोराच्या ब्रेकला. हॉस्टेलच्या लिफ्टमध्ये पाच जण शिरतात, तेवढं वजन.

आता बोल्ट. एम ८, ८.८ ग्रेड, २५ न्यूटन-मीटरला आवळला तर त्यात साडेपंधरा हजार न्यूटनचा ताण येतो. दोन बोल्टचे एकतीस हजार. कोरड्या, स्वच्छ लोखंडाचा घर्षणांक ०.१५ धरला तर हा सांधा ४७०० न्यूटनपर्यंत न सरकता धरतो. ३२०० ला पुरेसा. लक्षात घ्या, बल बोल्टच्या दांड्यावर येत नाही, दाबलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण ते पेलतं. आता तेच पृष्ठभाग रंगवलेले किंवा तेलकट असू द्या, घर्षणांक ०.१ वर आला की क्षमता ३१०० होते. म्हणजे सांधा प्रत्येक जोराच्या ब्रेकला केसभर सरकणार, बोल्ट हळूहळू सैल होणार. मी माझा पहिला ब्रॅकेट लावायच्या आधी काळ्या रंगाने छान रंगवला होता. शिवाय पाच वायशर, म्हणजे दबून बसायला आणखी दहा पृष्ठभाग. परळच्या प्रकरणानंतर बोल्ट उघडले तेव्हा एक जण बोटांनी फिरत होता. पिना अडकल्या नसत्या तर आठ-पंधरा दिवसांत तो बोल्ट पडला असता, आणि तेव्हा वेग कदाचित वेगळा असता.

म्हणून जोडाचे पृष्ठभाग उघडे आणि कोरडे, रंग फक्त बाहेरून. फोर्कचा कान ॲल्युमिनियमचा असतो, त्यात बोल्टचे आटे निदान १२ मिमी आत गेले पाहिजेत. ब्रॅकेटमुळे जुना बोल्ट आखूड पडतो, लांब घ्यायला विसरू नका. निळा थ्रेडलॉक. आणि टॉर्क रेंच वापरा, 'अंदाज आहे मला' म्हणणाऱ्याचा अंदाज मी बघितलेला आहे.

हायड्रॉलिक्सचं थोडक्यात. कॅलिपर एका गाडीचा आणि मास्टर सिलिंडर दुसऱ्याचा असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर बघा. आमच्या कॅलिपरला २७ मिमीचे दोन पिस्टन, मास्टर अर्ध्या इंचाचा. वरचा ३२०० न्यूटनचा ब्रेक मारायला, पॅडचा घर्षणांक ०.४ आणि लिव्हरचं गुणोत्तर ६ धरलं, तर बोटांना साडेसात किलोच्या आसपास जोर लागतो. त्याऐवजी ५/८ इंचाचा मास्टर लावला तर हाच जोर जवळजवळ बारा किलो होतो आणि लिव्हर लाकडासारखी लागते. बरेच जण मोठा मास्टर लावून 'ब्रेक टाइट झाला' म्हणून खूश होतात. टाइट लिव्हर झाली, ब्रेक कमी झाला.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल ते, आणि नवीन सीलबंद डब्यातलं. ते हवेतली वाफ शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू २३० अंशांच्या खाली नसतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत घसरू शकतो. रंगावर सांडलं तर रंग जातो, काकांच्या टाकीवर त्याचा एक ठिपका आहे, त्याबद्दल त्यांनी अजून मला काही म्हटलेलं नाही. बँजो बोल्टचे तांब्याचे वायशर दर वेळी नवीन. होज लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि फोर्क पूर्ण ताणून बघा, कुठे ओढली जाते का. आणि जुना फोर्क घेतला असेल तर त्याचे ऑइल सील आधी बदला. सील गळला की ऑइल बॉटमवरून ओघळत थेट कॅलिपरवर येतं, आणि ऑइल प्यायलेला पॅड टाकूनच द्यावा लागतो. पेट्रोलने धुऊन वापरतात लोक, वापरू नका.

नवीन गाड्यांवर हे प्रयोग करायच्या विचारात असाल तर थांबा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यात चाकाच्या वेगाचा सेन्सर आणि दातेरी रिंग यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. फोर्क किंवा चाक बदललं की ते बिघडतं. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. आम्ही काम संपल्यावर नाही, करायच्या आधी आरटीओत विचारायला हवं होतं. नंतर गेलो, दोन खेटे जास्त पडले.

दुसरा ब्रॅकेट बसला त्या दिवशी लगेच गाडी रस्त्यावर काढली नाही. आधी स्टँडवर लिव्हर पूर्ण दाबून मिनिटभर धरली, ती खाली जात नाही आणि कुठे ओल येत नाही हे बघितलं. सोडल्यावर चाक एका बोटाने फिरलं, सुर्र आवाज नाही. चारही बोल्टच्या डोक्यांवरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग चाळीच्या पॅसेजमध्ये चालत्या वेगाने, मग रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर हलके हलके वीस-पंचवीस ब्रेक, पॅड आणि डिस्कची ओळख होण्यापुरते. दर वेळी थांबून डिस्कजवळ हात नेऊन बघायचा. सरळ बसलेली डिस्क ब्रेक न मारता चालवलं तर कोमट राहते. पन्नास किलोमीटरनंतर रेघा तपासल्या, चारही शाबूत.

चालवताना एक फरक जाणवला. डिस्क एकाच बाजूला, त्यामुळे जोराच्या ब्रेकला फोर्क किंचित पिळतो, आणि दीडशे सीसीचा फोर्क राजदूतच्या वजनाखाली जास्त डुबतो. थोडं जाड ऑइल घातलं, फरक पडला, पूर्ण गेला नाही. काका म्हणतात आता त्यांना तेवढ्या वेगाने कुठे जायचं नाहीये.

रूममेटने तीन महिने त्या गाडीला हात लावला नाही, मी आग्रहही केला नाही. मग एका संध्याकाळी काकांकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा त्याने स्वतःहून चावी मागितली. खाली गेला, उकिडवा बसला, बॅटरी मारून चारही रेघा बघितल्या, चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं. मग किक मारली.

ब्रॅकेटचं ड्रॉइंग आणि ते टोकदार बोल्ट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फिटिंग सेक्शनच्या कपाटात ठेवले आहेत. बोल्ट वापरा, परत ठेवा. ड्रॉइंगमधली मापं मात्र उतरवून घेऊ नका, तुमचा फोर्क वेगळा असणार. पुठ्ठा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.